ओढ्याची परी आणि न तोडलेलं फूल

डोंगराच्या अगदी पायाशी, जिथं ढगसुद्धा खाली उतरून दारात बसतात, तिथं कडेखोल नावाची एक चिमुकली वाडी होती. वाडीच्या टोकाला एक पिटुकलं खोपट होतं. त्यात साळू राहायची, साळूची आई राहायची, पाळण्यात तान्हा नामू राहायचा आणि दाराशी खुंटीला बांधलेली चांदी राहायची. चांदी म्हणजे शेळी. अंगानं काळीभोर, मऊ मऊ, आणि कपाळावर एवढुसा पांढराशुभ्र ठिपका.

साळूला वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात भांगलायला जायची, म्हणजे पिकातलं नको ते तण खुरप्यानं काढायला. नामूच्या वेळी ती इतकी आजारी पडली होती की तिला दूधच आलं नाही. तेव्हापासून नामू चांदीच्या दुधावर वाढत होता. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. ते प्यायलं की तो असा हसायचा, असा हसायचा, की खोपटातला अंधारसुद्धा जरा बाजूला सरकून बसायचा.

पण भादव्यात, गौरी-गणपती गावाला जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी चांदी उठलीच नाही. कान पडलेले, डोळे पिवळे, तोंडात घास नाही. आईनं कास चाचपली, तर दुधाचा थेंब नाही. पाळण्यात नामू रडायला लागला.

आईनं चाऱ्याच्या पाटीत हात घातला. उरलेली पानं बोटांत चुरगळून नाकाशी नेली आणि ती मटकन खाली बसली.

"साळू, ही तर घाणेरी हाय गं, जनावराला इखच. तू आणलीस व्हय?"

साळूनं पाटीत डोकावून पाहिलं. परवा तिनंच चारा कापून आणला होता. डोंगरात हल्ली गवत मिळायचंच नाही, नुसती झुडपं माजलेली. एका जागी कोवळी, लुसलुशीत, हिरवीगार पानं दिसली आणि तिनं पाटी भरली. घाणेरीला फुलं असती तर तिनं लगेच ओळखली असती. वास आला असता तरी ओळखली असती. पण त्या कोंबांना फूल नव्हतं आणि साळूला झाली होती सर्दी. नाक असं चोंदलेलं की हिंगाचा डबासुद्धा ओळखला नसता.

"मला वाटलं, हिरवं ते सगळं चारा," साळू रडत म्हणाली.

शेजारच्या हौसाकाकू आल्या. वाडीत कुणाचं काहीही झालं तरी हौसाकाकूंना त्याचं सगळं ठाऊक असायचं, निदान त्यांना तरी तसं वाटायचं. त्यांनी चांदीची पापणी वर केली, जीभ बघितली आणि मान हलवली. "दिवस मावळायच्या आत उटून हुबी ऱ्हायली तर ऱ्हायली बाई. न्हाईतर काय खरं न्हाई."

साळूनं डोळे पुसले आणि ती ओढ्याकडे पळत सुटली. निदान चार काड्या खरं गवत मिळालं, तर चांदी तोंड तरी हलवेल, एवढंच तिच्या मनात होतं.

ओढा मात्र रंगांनी नुसता झगमगत होता. इकडे घाणेरीचे गुलाबी-पिवळे झुबके, तिकडे नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसची हसरी गर्दी, आणि सगळ्यांच्या मागं रानमोडीच्या झुडपांची हिरवी भिंत. इतकं सगळं फुललेलं, पण गवताची काडी कुठं दिसेल तर शपथ. साळू झुडपं बाजूला करत पुढं निघाली.

"जरा हळू गं बाळ. माझा झगा फाटतोय," एक नाजूक, किणकिणता आवाज आला.

साळू थबकली. घाणेरीच्या काट्याला काहीतरी चमचमत होतं. तिनं वाकून पाहिलं, तर एक अंगठ्याएवढी परी. दवाच्या थेंबांचा झगा, केसात कोळ्याच्या जाळ्याची रुपेरी रिबीन, आणि इवले इवले पंख. पंख कधीकाळी गुलाबी असावेत. आता धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखे दिसत होते.

साळूला घाई होती. चांदी तिकडे पडलेली होती. तरी तिनं आधी खाली बसून, जीभ दातांत धरून, एकेक काटा अलगद सोडवला. झग्याचा एक थेंबही सांडू दिला नाही.

"मी या ओढ्याची परी," मोकळी होऊन परी तिच्या तळहातावर बसली. "हे बघ, माझं घर होतं इथं. पण आता पाय ठेवायला जागा नाही उरली. तू का रडतेस?"

साळूनं सगळं सांगितलं. घाणेरी, सर्दी, चांदी, नामू. काही लपवलं नाही.

परीनं तिची चिमुकली हनुवटी हातावर टेकवली. "तुझी चांदी बरी होईल. पण आता माझी जादू माझ्यात राहिलेली नाही, माझ्या फुलांत आहे. आणि तिला नियम आहेत. ऐकशील?"

साळूनं जोरजोरात मान हलवली.

"या काठाच्या घरचं फूल हवं. कुणी न लावता, तुझ्या आजीच्या आजीच्याही आधीपासून इथं आपणहून उगवणारं. ते तळहातावर घ्यायचं, त्याला नावानं हाक मारायची आणि मागायचं. एका फुलाला एकच मागणं, तेही दिवस मावळायच्या आत. आणि फूल कोणतं, ते तुझं तू ओळखायचं. मी नाव सांगितलं तर जादू जागच्या जागी विझते."

"आणि पाहुण्या फुलावर मागितलं तर?"

"तर मागणं त्या पाहुण्याच्या गावाला जातं," परी म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. "एक खूण मात्र सांगते. पान उलटून बघ. मध प्यायला फुलपाखरं कुणाकडेही जातात, पण अंडी घालायला ती घरच्याच झाडाकडे येतात. ज्या पानाला भोकं आहेत, त्या घरी बाळं जेवून गेलीत."

एवढं बोलून ती चमचमत झुडपात नाहीशी झाली.

साळू कामाला लागली. घाणेरीचं पान उलटलं. खरखरीत, पण अख्खं. रानमोडीचं उलटलं. तेही अख्खं. कॉसमॉसची झिरमिळी पानं बघायचीही गरज नव्हती. आईच सांगायची की, मी लहान असताना ही फुलं नव्हतीच. डोंगरावर नवा रस्ता झाला आणि त्याच्या कडेनं ती चालत चालत वाडीत आली.

फिरत फिरत ती धुण्याच्या खडकाशी पोचली. तिथं वाडीतले सगळे जण देवाचे जुने हार आणि दसऱ्याची वाळलेली तोरणं सोडायचे. आणि तिथंच, खडकाच्या आडोशाला, गोंडेदार, पिवळाधमक, केशरी झेंडू फुलला होता. कुणी लावलेला नव्हता. आपणहून उगवलेला.

हौसाकाकू खडकावर धुणं आपटत होत्या. साळूनं त्यांना विचारलं, "काकू, झेंडू आपल्या घरचाच हाय न्हवं?"

"आगं, ह्ये काय इचारणं झालं?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "दसऱ्याला त्योच, दिवाळीला त्योच, दाराला त्योच, देवाला त्योच. झेंडू आपला न्हाई तर मग कोण आपलं?"

साळूला ते अगदी पटलं. तिनं एक टपोरं फूल घेतलं, तळहातावर ठेवलं, डोळे मिटले. "झेंडू, झेंडू, माझ्या शेळीला उठून उभी कर."

झेंडू लखकन चमकला. साळूनं धूम ठोकली. धापा टाकत ती खोपटात शिरली. चांदी तशीच पडलेली होती. नामू रडून रडून थकला होता आणि आई त्याला बोटानं साखरेचं पाणी चाटवत होती.

साळू जड पायांनी ओढ्यावर परत आली, तर परी एका पानावर पोट धरून हसत बसलेली.

"पोचलं बरं का तुझं मागणं," परी म्हणाली. "सातासमुद्रापलीकडे, झेंडूच्या माहेरी, एका डोंगरावर एक शेळी निवांत रवंथ करत बसली होती. ती ताडकन उठून उभी राहिलीय. आता काही केल्या बसत नाही. तिच्या धन्याला काही कळेनासं झालंय."

साळूला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. "म्हणजे झेंडू आपला नाही?"

"पाहुणा आहे. जुना, गुणाचा पाहुणा. लांबून आला, दारात बसला, तोरणात सजला. कुणाला ढकललं नाही, म्हणून घरचाच वाटतो." परीनं विचारलं, "त्याचं पान उलटून पाहिलं होतंस?"

साळूनं मान खाली घातली. "नाही. ओळखीचा वाटला म्हणून पाहिलंच नाही."

"आणि घाणेरीला कुणीतरी तिची फुलं आवडली म्हणून हौसेनं आणलं. ओसरी दिली, तर तिनं हातपाय पसरले. फूल सुंदर आहेच तिचं, पण घरच्यांना जेवायला जागा उरली नाही." परी आभाळाकडे बघत म्हणाली, "ऊन उतरलंय, साळू. जा, शोध."

या वेळी साळूनं काहीच गृहीत धरलं नाही. रानमोडीच्या भिंतीखाली ती पोटावर सरपटत शिरली. आत हिरवा काळोख होता. हातांनी चाचपत, पान न् पान उलटत ती पुढं सरकत राहिली. अख्खं पान. अख्खं पान. पुन्हा अख्खंच.

आणि मग एक भोकाचं.

लांबट, करवतीच्या कडेचं पान. त्याला भोकंच भोकं. पानाखाली एक गुबगुबीत सुरवंट बसून कुरुकुरु खात होता. त्याच्या अंगावर पिवळ्या डोळ्यांची नक्षी होती आणि शेपटीला इवलंसं शिंग. साळूनं नजर वर नेली. पाणीदार देठाच्या टोकाला, त्या काळोखात, एकच गुलाबी फूल लुकलुकत होतं.

"तेरडा," साळू पुटपुटली. "हा तर गौरीचा तेरडा."

ती कशी विसरली होती? दर भादव्यात वाडीतल्या बायका गौर आणायला इथंच यायच्या. गौर म्हणजे काय, तर या ओढ्याकाठची तेरड्याची रोपं. मुळासकट उपटायची, सुपात घालायची आणि गाणी म्हणत घरी न्यायची. हौसाकाकूंचं सूप सगळ्यांत मोठं. दिसेल ते रोप त्या घ्यायच्या, एकही मागं ठेवायच्या नाहीत. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं म्हणत घाई करायच्या. या वर्षी तर जेमतेम मूठभर रोपं मिळाली होती, आणि तीही सगळी उपटून नेली होती. सगळी म्हणजे हे एक सोडून. हे रानमोडीखाली दडलं म्हणून वाचलं होतं.

साळूनं हात पुढं केला. फुलाच्या देठाला बोटं टेकली. एक चिमटा काढला की झालं. चांदी उठेल, नामू दूध पिईल.

पण बोटं चिमटा काढेनात. एकच रोप, त्यावर एकच फूल. हे तोडलं तर बी धरणार कशाला? मग पुढच्या भादव्यात गौर कुठून यायची? या शिंगवाल्या बाळानं कुणाच्या घरी जेवायचं? आणि त्या इवल्या परीनं कुठं राहायचं? साळूला चांदीचे पिवळे डोळे आठवले आणि तिला हुंदका आला. तोडवत नव्हतं, आणि नुसतं बसवतही नव्हतं.

मग तिनं तिला येत होतं ते केलं. आई शेतात भांगलायची तसं तिनं भांगलायला सुरुवात केली. तेरड्याच्या भोवतीची रानमोडी दोन्ही हातांनी धरायची आणि ओढायची. मातीत ओल होती, झुडपं मुळासकट येत होती. घाणेरीच्या काट्यांनी हात ओरबाडले, तळहातातून रक्त आलं. जवळच वाटेच्या कडेला एकदांडी होती, उंच दांडीवर एकेक पिटुकलं पिवळसर फूल. खुरप्यानं कापलं की आई तिचाच पाला चोळून लावायची. साळूनं दोन पानं चोळून रस जखमेवर पिळला आणि रक्त थांबलं.

"ही तरी आपली का गं?" तिनं हवेतच विचारलं.

"ती पण पाहुणीच," हवेतूनच उत्तर आलं. "पण बघ, वाटेच्या कडेला बसते आणि अडल्यानडल्याच्या कामाला येते."

शेवटचं झुडूप निघालं आणि मावळतीचं सोनेरी ऊन थेट तेरड्यावर सांडलं. गुलाबी फूल उजळून निघालं. वाकलेला देठ जरासा सरळ झाला. त्याला आधार द्यावा म्हणून साळूनं पानाखाली हात घातला, आणि तिच्या बोटाला काहीतरी मऊ, लवदार लागलं. अंधारात न दिसलेली, पिकून टपोरी झालेली, एक हिरवट शेंग.

टिच.

बोट लागताच शेंग फुटली. तिच्या पाकळ्या गर्रकन वळल्या आणि चिमुकल्या तपकिरी बिया उडाल्या. साळूच्या नाकावर, केसांत, आणि सगळीकडे त्या नुकत्याच मोकळ्या केलेल्या ओल्या मातीवर. रोप थरारलं. टोकाचं गुलाबी फूल आपणहून सुटलं आणि भिरभिरत साळूच्या तळहातावर येऊन बसलं.

साळूनं वर पाहिलं. डोंगराच्या कडेवर सूर्याची शेवटची टिकली उरली होती.

"तेरड्या," ती म्हणाली, "माझ्या चांदीला बरं कर."

फूल चमकलं नाही की लखलखलं नाही. नुसतं तिच्या हातावर मऊ, ऊबदार झालं आणि विरघळून गेलं.

साळू घरी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. दारात चांदी दिसली नाही. खुंटीला नुसतं दावं लोंबत होतं.  एवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"सोड गं माझा पदर. सोड म्हणते न्हवं. जुनं लुगडं हाय त्ये, चारा न्हाई."

साळू आत धावली. चुलीपुढं चांदी चारी पायांवर उभी होती. डोळे काळेभोर, कान ताठ, आणि तोंडात आईच्या पदराचं टोक. आई तिला रागावत होती आणि रागावता रागावता डोळे पुसत होती. साळूनं चांदीच्या गळ्याला मिठी मारली. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला वाटलं. चांदी बें करून ओरडली, आणि पाळण्यातून नामूनंही तिला ओ दिली.

त्या रात्री वाटीत दूध थोडंसंच होतं, पण होतं. नामू हसला आणि हसता हसताच झोपला.

साळूनं आईला सगळं सांगितलं. परीवर आईनं कितपत विश्वास ठेवला कोण जाणे, पण बियांचं ऐकून तिनं कोपऱ्यातलं खुरपं काढलं. मग म्हणाली, "लोकांची शेतं भांगलून द्येतो, तर आपला वढा भांगलाय काय हुतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी खुरपी घेऊन काठावर जाऊ लागल्या. आधी वाडी हसली. मग हसणाऱ्या बायकांतल्या एकदोघी मदतीला आल्या. शेवटी हौसाकाकू आल्या आणि सगळ्यांना कसं भांगलायचं ते शिकवू लागल्या. झेंडूला कुणी हात लावला नाही, एकदांडीलाही नाही. घाणेरी आणि रानमोडी मात्र मागं हटली.

पाऊस आला, पाऊस ओसरला, आणि पुन्हा भादवा उजाडला. ओढ्याचे दोन्ही काठ गुलाबी झाले होते. त्यात सोनकीचे पिवळे ठिपके होते, कळलावीच्या लाल-पिवळ्या पाकळ्या होत्या, आणि ज्यांची नावं साळूला अजून शिकायची होती अशी कितीतरी इवली फुलं होती. सगळ्यांच्या पानांना भोकं होती.

बायका सुपं घेऊन गौर न्यायला आल्या. हौसाकाकूंनी हात घालताच साळू म्हणाली, "काकू, शेंगावालं रोप नगा घेऊ. ते ऱ्हाऊ दे."

"आगं, तेरड्याचा रंग तीन दिवस," काकू म्हणाल्या. "ठिवून काय करायचं?"

"रंग तीन दिवसाचा हाय, पण बी न्हाई."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं. मग भरत आलेल्या सुपातलं एक शेंगांचं रोप हळूच काढलं, परत मातीत खोचलं आणि मुळाशी ओंजळभर पाणी घातलं. त्या वर्षीची पहिली गौर त्यांनी साळूच्या हातात दिली.

बायका गाणी म्हणत पुढं गेल्या. साळू गौर घेऊन जरा मागं रेंगाळली. अपेक्षा होती तशीच परी आली, एका फुलावर टेकली. तिचे पंख आता तेरड्याच्या पाकळीइतके गुलाबी होते.

"माग काहीतरी," परी म्हणाली. "आता माझ्याकडे फुलांना तोटा नाही."

साळूनं विचार केला. नामू चालायला लागला होता. चांदीला दोन करडं झाली होती. आई मोकळं हसायला लागली होती.

"एकच," ती म्हणाली. "ती सातासमुद्रापलीकडची शेळी उभीच आहे ना अजून? तिला बसू दे."

परी खळखळून हसली. हसता हसता ती उजळत गेली, आधी पंख, मग झगा, मग केसातली रिबीन. काठभर गुलाबी सोनेरी प्रकाश पसरला आणि त्या प्रकाशात पिकलेल्या सगळ्या शेंगा एकदम फुटल्या. टिच, टिच, टिच. प्रकाश ओसरला तेव्हा परी नव्हती. साळूच्या केसांत मात्र बिया होत्या.

तिकडे, खूप लांब, झेंडूच्या माहेरी, एका दमलेल्या शेळीनं चारी पाय दुमडले, हुश्श केलं आणि ती गवतावर सुखानं बसली. इकडे साळू आपली गौर घेऊन घराकडे निघाली. तेरड्याची पिकली शेंग तुम्हाला कुठं दिसली, तर तिला अलगद बोट लावा, आणि बिया पडतील तिथली माती जरा मोकळी करून ठेवा.